लेसो वजा जाता

इंगर कुणाकडेही जेवायला गेली की आधी पर्समधून स्वतःची मिठाची डबी काढायची. गोल, ॲल्युमिनियमची, झाकणावरचा रंग उडालेली. यजमानीण समोर बसलेली असतानाच घासावर चिमूटभर मीठ टाकायची, डोळे मिटून सावकाश चावायची आणि मग निकाल द्यायची. "मीठ बरं आहे. करणारीने घाई केली." हे माझ्या घरी, माझ्या टेबलावर, मी दिवसभराची शिफ्ट करून आल्यावर केलेल्या मटारच्या उसळीबद्दल! आणि वर पंचाहत्तरी ओलांडलेली म्हातारी म्हणून आपण हसायचं.

आमची पहिली भेटही मिठावरूनच बिघडली. न्यूझीलंडला, हॅमिल्टनमध्ये आम्ही नुकतं घर घेतलं होतं. मी जवळच्या 'ते रापा' इथल्या दूध पावडरच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर, दुधातलं पाणी उडवायचं हे माझं काम. खोकी अजून उघडायची होती, तेवढ्यात शेजारची ही उंच, हाडाची बाई दारात उभी. एका हातात काळा पाव, दुसऱ्या हातात मिठाची पुरचुंडी. तिने पुरचुंडी माझ्या हातावर ठेवायला पुढे केली आणि मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मीठ हातावर घेतलं की भांडण होतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पण ते त्या क्षणी इंग्रजीत सुचेना. "तिथे ठेवा, ओट्यावर," एवढंच तुटक बोलले.

तिने ठेवलं. मग म्हणाली, "आमच्या बेटावर नव्या घरात पाव आणि मीठ नेतात. तुमच्याकडे हात झटकतात वाटतं." म्हणजे हातावर न घेताही भांडण झालंच.

"कुठून आलीस?" तिने विचारलं.

"पुणे."

"तिथे काय पिकतं?"

"सॉफ्टवेअर," मी म्हटलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "ते पोटात जात नाही," आणि खोक्यावर बसून तिने मला तिचं बेट सांगायला सुरुवात केली.

लेसो. डेन्मार्कच्या वरच्या अंगाला, समुद्रात, किनाऱ्यापासून बोटीने दीड तास. सकाळी सायकल घेऊन निघालं तर या टोकापासून त्या टोकाला जेवणाच्या आत पोचावं, एवढंच. पण इंगर बोलायला लागली की वाटावं, बाकी युरोप या बेटाभोवती नंतर बसवलाय. दक्षिणेला सपाट खारी कुरणं. हिवाळ्यात समुद्र त्यांच्यावर चढतो, उन्हाळ्यात वाळतो, आणि खार वाळूत मुरत मुरत इतका दाट होतो की नुसता खड्डा खणला तरी कडक खारं पाणी लागतं. जुन्या काळी लोक ते पाणी झोपड्यांमधल्या मोठाल्या लोखंडी कढयांत उकळायचे आणि मीठ काढायचे. उकळायला लाकूड लागायचं. शेकडो वर्षं लाकूड जाळलं, शेवटी बेटावर झाडच उरलं नाही. झाडं गेली तशी वाळू सुटली. तिने शेतं खाल्ली, घरं खाल्ली, एक अख्खं चर्च खाल्लं. मग राजाने हुकूम काढून मीठच बंद केलं.

"जागा कळून घ्यायची असेल," इंगर म्हणायची, "तर तिने काय जाळलं ते विचार." हे ती इतक्या वेळा म्हणायची की माझा नवरा तिच्या पाठीमागे तिच्या आवाजात म्हणून दाखवायचा.

मला हसू यायचं नाही. खरं सांगते, माझ्या पोटात दुखायचं. पन्नास वर्षं न्यूझीलंडमध्ये काढलेली, किवी नवऱ्याबरोबर संसार केलेली, तो गेल्यावरही इथेच राहिलेली ही बाई, आणि हिला अजून बेटावरच्या प्रत्येक घराचं छप्पर पाठ! ती छपरंही कसली, तर समुद्री गवताची. लाकूड संपलं म्हणून फुटलेल्या जहाजांच्या फळ्यांनी घरं बांधली, आणि वर गवताचे जाड पीळ करून माणसाच्या कमरेएवढा थर रचला. पुरुष सगळे समुद्रावर, म्हणून शेती बायकांची आणि छपरंही बायकांची. साऱ्या गावच्या बायका रांगेने उभ्या राहून एका घराचं छप्पर करायच्या. हे ती सांगायची आणि मी ऐकता ऐकता मनात म्हणायचे, मला असं एक तरी घर सांगता येईल का?

कारण मी पुण्याची नव्हेच. माझं गाव पेणजवळ, खाडीच्या काठाला. बाबा मिठागरात मुकादम होते. दहा वर्षांची असताना मला पुण्याला मामाकडे शाळेला पाठवलं. पेणच्या एसटी स्टँडवर आई आली, शेजारच्या काकू आल्या, बाबा आले नाहीत. "कामावर गेलेत," आई म्हणाली. ते मी कधी विसरले नाही. पुण्यात मुली माझ्या बोलण्याला हसायच्या, तर दोन महिन्यांत मी ते बोलणं धुऊन टाकलं. पुढे कुणी विचारलं की पुणे. सुट्टीत गावी गेले तरी मिठाच्या आगराकडे पाऊल टाकलं नाही. पाय चिकट होतात म्हणायचे.

आई गेली तेव्हा मी ठरवलं, बाबांना इथेच आणायचं, कायमचं. पुढेमागे त्यांचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, करू. व्हिजिटर व्हिसावर बाबा आले. सत्तरीचे, काळेशार, बोटं फाटलेली, आणि मुके. म्हणजे तसे मुके नव्हेत, पण माझ्या घरात पाहुण्यासारखे बसायचे. चहाचा कपसुद्धा विचारल्याशिवाय उचलायचे नाहीत. मी रोज ठरवायचे, आज बाबांशी बोलायचं. आणि रोज प्लांटमध्ये काहीतरी अडकायचं.

आठवड्याभरात एका रविवारी इंगर आली आणि तिने आपला नेहमीचा पाढा सुरू केला. बाबांना इंग्रजी मुकादमापुरतं, साहेबांशी बोलण्यापुरतं. मी मधे बसून भाषांतर करत होते. कढया, लाकूड, उकळणं. बाबा एकदम ताठ बसले.

"शिजवायचं? मीठ?" ते म्हणाले. "तिला सांग गो बाय, मीठ पिकवायचं असतंय. शिजवायला काय डाळ हाय? अख्खं जंगल जाळलात? येडे का काय!"

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. इंगर हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "पन्नास वर्षं मी हे सांगतेय," ती म्हणाली, "माझ्या बेटाला कुणी शिव्या दिल्या नव्हत्या. या माणसाला उद्या माझ्याकडे पाठव."

त्या दिवसापासून बाबा तिचे झाले. दुसरा शब्दच नाही. सकाळी चहा झाला की जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून निघायचे ते जेवायला यायचे, परत जायचे. भाषांतराला माझी गरज संपली. दोघांचं इंग्रजी मिळून एक धड इंग्रजी होत नव्हतं, पण चालायचं. तिला "बांध" आणि "उधाण" हे शब्द आले. यांना "साल्ट" आला, डॅनिशमध्ये मिठाला तसंच म्हणतात. मीठ हातावर द्यायचं नाही, खाली ठेवायचं, हेही बाबांनी तिला शिकवलं. तेव्हा तिला माझ्या पहिल्या दिवसाचा उलगडा झाला. "हे तू मला का नाही सांगितलंस?" तिने मलाच विचारलं. मी काय सांगणार, कपाळ!

एका संध्याकाळी कामावरून येते तर काय, इंगरच्या परसात भाजीचा वाफा उखडलेला आणि बाबा पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात नाचतायत! नाचत नव्हते, तळ तुडवत होते. मिठागराचा तळ असाच पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा करतात, मग त्यावर खारं पाणी सोडतात. माझ्या नवऱ्याने दोघांना रॅग्लनला नेऊन दुधाच्या रिकाम्या बाटल्यांतून समुद्राचं पाणी आणलं होतं. हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. इंगर खुर्ची टाकून बसलेली, आणि बाबा बोलत होते. सलग, हात हलवून, मधेच हसून. एवढं बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. मी कुंपणाच्या अलीकडे उभी राहिले आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरात येऊन कुकर इतक्या जोरात आपटला की नवरा विचारायला आला.

त्या वाफ्यात चार वेळा पाऊस पडला. पाचव्यांदा बाबांनी वरून जुना पडदा ताणला, ऊन आलं की काढायचा. महिन्याने पाण्यावर सायीसारखा पापुद्रा धरला, आणि शेवटी चहाचा एक कप भरेल एवढं करडं मीठ आलं. इंगरने ते आपल्या डबीत भरलं. आम्हाला एका वाटीत दिलं, खाली ठेवून. "आता तुझ्या उसळीला घाई चालणार नाही," म्हणाली. मी ती वाटी फडताळात मागे ढकलून दिली. एवढी खुनशी मी.

मग गावाहून फोन आला. उधाणात आगराचा बांध फुटला होता. आता आगर कसायला कुणी तयार नव्हतं, जमिनीवर मोठ्या कंपन्यांचा डोळा, बांध दुरुस्त झाला नाही तर सगळं खाडीत जाणार. मी म्हटलं, जाऊ दे. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "मी जातो बाय. इंगरबाय बी म्हणते जा."

"या वयात माती उचलणार आहात?"

"उचलणार नाय. पण कुठं टाकायची ते सांगीन ना."

मी तशीच उठून शेजारी गेले. पीआरचे कागद टेबलावर पडले होते, अर्धे भरलेले. इंगरला वाट्टेल ते बोलले. तुला काय अधिकार, माझे वडील आहेत, तुझं बेट तुझ्यापाशी ठेव, माझ्या माणसाला कशाला त्यात ओढतेस. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी पन्नास वर्षांत एकदाही परत गेले नाही. उद्या उद्या करत राहिले. ओळखीचं एक माणूस आता तिथे उरलं नाही. त्याचं अजून उरलंय." आणि मी दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाली, "त्याने आधी तुलाच विचारलं होतं, डिअर. तुला आगर दाखवू का, कागदावर काढून. तू म्हणालीस, शिफ्ट आहे."

म्हणाले असेन. नक्कीच म्हणाले असेन.

बाबा गावी परत गेले. दीड वर्षाने तिथेच वारले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी आगरावर गेले. नुसतं पाणी, कडेला बांधाचे दोन-तीन उंचवटे. गावातल्या तिघांना विचारलं, बाबांचे वाफे कुठले, तर तिघांनी तीन दिशांना हात केले. जुनं जाणतं कुणी उरलंच नव्हतं. तिथे उभी राहून मला कळलं की हे सगळं सांगू शकेल असं जगात आता एकच माणूस आहे, आणि ते माझ्या शेजारी राहतं.

मी परत आले तेव्हा इंगर शेजारी नव्हती. घरात दोनदा पडली म्हणून तिच्या मुलाने, ग्लेनने, तिला म्हाताऱ्या माणसांच्या रेस्ट होममध्ये ठेवलं होतं. मी पहिल्याच रविवारी गेले. तिने मला ओळखलं, हात धरला, आणि बोलायला लागली. "आमच्या बेटावर," ती म्हणाली, "बांधाला खेकड्याचं एक बीळ पडलं की सगळा बांध जातो. म्हणून एक माणूस काठी घेऊन रोज बांधावरून चालतो, आणि बिळं बुजवतो."

लेसोवर कुठला आलाय मिठागराचा बांध! तिथे तर खड्ड्यातलं पाणी काढून उकळायचे. हे बाबांचं होतं. म्हातारीच्या डोक्यात दोन्ही एकत्र कालवलं गेलं होतं. चर्च वाळूत जायचं आणि पुढच्याच वाक्यात उधाणाचं पाणी यायचं. आणि सगळं "आमच्या बेटावर"! माझा जळफळाट झाला. बाबांचा वेळ हिने घेतला तो घेतला, आता त्यांच्या आठवणीही स्वतःच्या नावावर करून बसली!

पण भांडणार कुणाशी? तिला त्यातलं काही कळत नव्हतं. मग मी माझ्या कामाच्या पद्धतीने विचार केला. जे मिसळलंय त्यातलं एक काढता आलं की दुसरं उरतं. मी लायब्ररीत गेले आणि लेसोवरची असतील नसतील ती पुस्तकं मागवली. तीनच मिळाली, त्यातलं एक दुसऱ्या गावाहून आलं. मी इतिहासात कायम काठावर पास झालेली बाई, पण रोज जेवणाच्या सुट्टीत ते बेट पाठ करायला लागले. गावं, कुरणं, झोपड्या कुठे होत्या, वाळू कुठून आली, समुद्री गवताला रोग कधी पडला आणि छपरं का बंद झाली. रविवारी वही घेऊन जायचे आणि इंगर बोलेल ते लिहून काढायचे. घरी येऊन पुस्तकांशी ताडायचे. लेसोचं ते डावीकडे. लेसो वजा जाता जे उरेल ते उजवीकडे. ते बाबांचं.

काही गोष्टींनी फार छळलं. बायका रांगेने उभ्या राहून हातोहात काहीतरी देतायत. गवत असेल तर तिचं, चिखल असेल तर आमचं. इंगरला विचारलं तर म्हणायची, "नीट ऐक हं, घाई करू नकोस," आणि दुसरंच सांगायची. ते मी मधे लिहून ठेवलं.

आणि एका रविवारी, उकडलेल्या अंड्यावर मीठ टाकता टाकता, ती सहज म्हणाली, "आमच्या बेटावर एक माणूस होता. त्याची मुलगी लांब शाळेला निघाली. त्याला निरोप द्यायला जाववेना. गेलो तर तिला परत घेऊन येईन, म्हणाला. मग त्याने काय केलं, एक वाफा होता, तुडवून तयार झालेला. तोच तो परत तुडवत बसला. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. माणसं हसली. तळाचा चिखल वर आला, त्या वर्षी त्या वाफ्याचं मीठ काळं निघालं. मुकादम असून!"

मुकादम हा शब्द ती मराठीत म्हणाली.

वही माझ्या मांडीवर होती. मी काही लिहिलं नाही. इंगरने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अंडं खातेस?" मी बाहेर गाडीत जाऊन बसले आणि इतकी रडले की नर्स काचेवर टकटक करून गेली.

इंगर त्याच हिवाळ्यात गेली. चर्चमध्ये पंधरा-वीस माणसं असतील. ग्लेन बोलायला उभा राहिला. टाकानिनी नावाच्या उपनगरात घरं बांधणारा साधा माणूस, सूट त्याला कुठेकुठे दाटत होता. आईच्या बेटाबद्दल बोलला. आणि म्हणाला, "आई शिक्षणासाठी बेट सोडून निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी दिवसभर मिठाचा एकच वाफा तुडवला. असं प्रेम होतं त्या घरात."

माझे कान तापले. नवऱ्याने माझा हात दाबून धरला, त्याला माझा स्वभाव माहीत. म्हणून चर्चमध्ये गप्प बसले. पण नंतर हॉलमध्ये चहा आणि सॉसेज रोल सुरू झाले तशी मी सरळ ग्लेनसमोर जाऊन उभी राहिले.

"बाकी सगळं तुझं," मी म्हटलं, "पण ती वाफ्याची गोष्ट माझी आहे. ते माझे वडील. ती मुलगी मी. ती मला परत दे."

आपण काय बोललो ते मला बोलून झाल्यावर कळलं. माणसाची आई आत्ता पुरली आहे, आणि ही बाई गोष्टीवरून भांडतेय! पण ग्लेन रागावला नाही. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "खरं सांगू? आई सांगायची ना, ढीगभर सांगायची. मी कधी ऐकलंच नाही. मला फुटबॉलला जायचं असायचं. शेवटच्या वर्षात ऐकलं तेवढंच. त्यातलं आमचं कुठलं आणि तुमचं कुठलं, मला काय कळणार?" मग मलाच विचारलं, "तुला कळतं?"

माझी वही पर्समध्येच होती. आजवर मी उजवीकडचंच वाचत आले होते. डावीकडची पानं किती भरलीत ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो आणि मी त्याला लेसो सांगायला लागले. दक्षिणेची कुरणं, कढया, जळलेलं जंगल, वाळूखालचं चर्च, जहाजांच्या फळ्यांची घरं, छपरावर चढलेल्या बायका. त्याने मधेच घाईघाईने काही विचारलं तर मी म्हटलं, "नीट ऐक हं." पन्नाशीचा माणूस, हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होता. त्या हॉलमध्ये, कदाचित अख्ख्या हॅमिल्टनमध्ये, त्याच्या आईचं बेट मलाच येत होतं.

माणसं पांगली. उठताना ग्लेनने खिशातून इंगरची ती मिठाची डबी काढली. "ही तू ठेव," म्हणाला. झाकण सैल झालं होतं, आत तळाला करडं मीठ दिसत होतं, बाबांच्या वाफ्यातलं. त्याने डबी माझ्या हातावर ठेवायला पुढे केली. माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.

"टेबलावर ठेव," मी म्हटलं. "मला तुझ्याशी भांडायचं नाहीये."